रिप्लाय दाबण्याआधी: मेलचं उत्तर कुणाला जातंय ते हेडरमधून कसं ओळखायचं

मी एका दिवाळी अंकाच्या कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळते. साहित्य मागवल्याचं आवाहन एकदा छापून आलं की गणपतीपर्यंत इनबॉक्सला उसंत नसते. कथा, कविता, वात्रटिका, व्यंगचित्रं, आणि फुलस्केपवर लिहिलेल्या लेखांचे मोबाइलवर काढलेले आडवेतिडवे फोटो. प्रत्येक लेखक स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघावं. एकाची कथा भाच्याच्या अकाउंटवरून आलेली, एकीची डीटीपी सेंटरवरून, कुणाची आमच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, तर कुणाची संपादकांच्या खासगी पत्त्यावर पडून तिथून माझ्याकडे ढकललेली. यातल्या प्रत्येकाला स्वीकार किंवा नकार कळवायचा असतो आणि तो त्याच माणसाला पोचायला हवा. त्यात नकार भलत्याकडे गेला की काय होतं ते विचारू नका.

रिप्लायचं बटण या बाबतीत बिनडोक आहे. ते एका ओळीचा नियम पाळतं: मेलमध्ये रिप्लाय-टू नावाची ओळ असेल तर उत्तर तिथे, नसेल तर फ्रॉममधल्या पत्त्यावर. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२२ या मानकात हा नियम आहे आणि १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्येही तो होता. मामा कोण, भाचा कोण, हे बटणाला कळायचं काही कारण नाही. ते आपण बघायचं, आणि बघायची जागा म्हणजे हेडर, मेलच्या मजकुराच्या वर असलेल्या माहितीच्या ओळी.

हेडरमधली नावं स्क्रीनवर रोमन लिपीत दिसतात. इथे मी ती बोलतो तशी लिहिते. नमुन्याचे पत्ते सगळे बनावट आहेत, त्यांच्यावर काही पाठवत बसू नका.

हेडर उघडायचं कुठे

कॉम्प्युटरवर जीमेल उघडलंत की पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'टू मी' लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी एक बारीक बाण. तो दाबला की छोटी चौकट उघडते: फ्रॉम, असला तर रिप्लाय-टू, टू, तारीख, मेल्ड-बाय, साइन्ड-बाय. रोजच्या कामाला एवढं पुरतं. भानगड वाटली तर उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' निवडायचं. मग अख्खं हेडर समोर येतं. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू एकत्र दाबा. जुन्या आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून फाइल, मग प्रॉपर्टीज. खाली 'इंटरनेट हेडर्स' नावाची एक केविलवाणी चौकट असते. त्यात वाचायचा हट्ट धरू नका, सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मोबाइलवरच्या जीमेल ॲपमध्ये अख्खं हेडर बघायची सोय नाही, त्यामुळे शंका आली तर कॉम्प्युटर गाठायचा.

अख्खं हेडर पहिल्यांदा बघितलं की माणूस दचकतो. घाबरू नका, त्यातलं बहुतेक आपल्या कामाचं नसतं. कंट्रोल आणि एफ दाबून शोधायचं, पण शोधतानाही थोडी अक्कल लागते. 'रिप्लाय-टू' शोधलंत तर बऱ्याचदा पहिला ठोका डीकिम-सिग्नेचर नावाच्या लांबलचक ओळीत पडतो. ती मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही. तिथे 'एच=' च्या पुढे फ्रॉम, टू, सब्जेक्ट, रिप्लाय-टू अशी नुसती नावांची माळ असते. कोणकोणत्या ओळींवर सही केली आहे त्याची ती यादी, पत्ता तिच्यात नसतो. 'फ्रॉम' शोधलंत तर रिसीव्ह्ड नावाच्या ओळींमध्ये तो शब्द पन्नासदा सापडेल. आपल्याला हवी ती ओळ अगदी डाव्या कडेला सुरू होते आणि नावापुढे लगेच अपूर्णविराम असतो.

आणखी दोन गोष्टी. लांब ओळ खाली मोडलेली असते आणि मोडलेला भाग थोडी जागा सोडून सुरू होतो. म्हणजे रिप्लाय-टूच्या पुढे नुसतं नाव दिसलं तर पत्ता खालच्या ओळीत असू शकतो. दुसरं, हेडर संपतं ते पहिल्या रिकाम्या ओळीशी. तिच्या खालचं सगळं मजकुरात जमा. मजकुरातही 'फ्रॉम:' असं लिहिलेलं सापडतं, विशेषतः फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये, पण मेल प्रोग्राम त्याला भीक घालत नाही.

चार ओळींची चार कामं

आमच्या वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेल्या मेलचं हेडर, पाल्हाळ काढून टाकल्यावर, साधारण असं दिसतं:

रिटर्न-पाथ: <बाउन्सेस+४४१७@मेलर.एक्झाम्पल>
डिलिव्हर्ड-टू: साहित्य@अंक.एक्झाम्पल
फ्रॉम: "साहित्य फॉर्म" <वेबसाइट@अंक.एक्झाम्पल>
रिप्लाय-टू: <लेखिका@टपाल.एक्झाम्पल>
टू: <साहित्य@अंक.एक्झाम्पल>

पाकीट वेगळं आणि आतलं पत्र वेगळं, हे लक्षात ठेवलं की यातला निम्मा गोंधळ मिटतो. रिटर्न-पाथ हा पाकिटावरचा परतीचा पत्ता. मेल पोचला नाही तर तो न पोचल्याची खबर तिथे जाते. आपल्याकडे पोचवणारा शेवटचा सर्व्हर पाकीट फोडताना तो पत्ता हेडरच्या माथ्यावर लिहून ठेवतो. तिथे उत्तर पाठवायचं नाही. कधीच नाही. बहुतेकदा तिथे माणूस नसतो, परत आलेले मेल मोजणारं यंत्र असतं. पत्त्यात बाउन्स असा शब्द, अधिकचं चिन्ह, आकडे, किंवा आपलाच पत्ता बरोबरच्या चिन्हासकट गुंफलेला दिसला तर तो यंत्राचाच पत्ता. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणारे लोक प्रत्येक मेलला असा वेगळा परतीचा पत्ता देतात, म्हणजे नेमका कुणाचा मेल परत आला ते त्यांना कळतं. हेडरमध्ये ही ओळ बऱ्याचदा वरच दिसते म्हणून लोक तोच 'खरा' पत्ता समजून उचलतात. आमच्या जाहिरात विभागातल्या काकांना तर कितीदा सांगून झालं.

फ्रॉम म्हणजे पत्र ज्याच्या नावाचं तो. एकापेक्षा जास्त लेखक असतील तर त्यात दोन-तीन पत्तेही येऊ शकतात. नियमाला ते चालतं, प्रत्यक्षात क्वचितच दिसतं.

सेंडर म्हणजे पत्र प्रत्यक्ष टाकणारा. मानकात उदाहरणच सेक्रेटरीचं दिलंय: साहेबांचं पत्र सेक्रेटरीने पाठवलं तर फ्रॉममध्ये साहेब, सेंडरमध्ये सेक्रेटरी. माझंच पद तिथे बघून मला बरं वाटलं होतं. आउटलुकमध्ये 'अमुक ऑन बिहाफ ऑफ तमुक' दिसतं ते याच ओळीमुळे. सेंडर कितीही महत्त्वाचा वाटला तरी उत्तर आपोआप त्याला जात नाही. 'ऑन बिहाफ ऑफ'च्या आधीचं नाव टाकणाऱ्याचं, नंतरचं नाव लिहिणाऱ्याचं. उत्तर नंतरच्याला.

आणि रिप्लाय-टू म्हणजे 'उत्तर इथे पाठवा' अशी लिहिणाऱ्याने स्वतः दिलेली सूचना. वरच्या नमुन्यात फ्रॉम आमच्याच वेबसाइटचा आहे, पण उत्तर जायला हवं लेखिकेला, आणि ते जातंही, कारण फॉर्म बनवणाऱ्याने तिचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये घातलाय.

कुणी विचारेल, फॉर्म भरणाऱ्या बाईंचाच पत्ता सरळ फ्रॉममध्ये का नाही घालायचा? पूर्वी घालायचे. मग एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केलं की याहूच्या पत्त्याने येणारा पण याहूकडून न निघालेला मेल सरळ नाकारा. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. या व्यवस्थेला डीमार्क म्हणतात. तेव्हापासून दुसऱ्याचा पत्ता फ्रॉममध्ये लावून पाठवलेले मेल वाटेतच मारले जाऊ लागले. म्हणून फॉर्मने फ्रॉममध्ये स्वतःच्या साइटचा पत्ता लावायचा आणि भरणाऱ्याचा रिप्लाय-टूमध्ये. तुमच्या वेबसाइटच्या फॉर्मला रिप्लाय केल्यावर टूमध्ये तुमच्याच साइटचा पत्ता येत असेल, तर साइट बघणाऱ्याला सांगा, रिप्लाय-टू लावायचा राहिलाय. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

गूगल ग्रुपसारखा सामायिक पत्ता वापरणाऱ्यांनाही हाच प्रकार भेटतो. नावापुढे 'व्हाया कविता विभाग' असं लागतं आणि फ्रॉममध्ये ग्रुपचा पत्ता बसतो. मूळ कवीचा पत्ता मग रिप्लाय-टूमध्ये बघायचा. तिथेही ग्रुपच असेल तर अख्ख्या हेडरमध्ये एक्स-ओरिजिनल-फ्रॉम किंवा एक्स-ओरिजिनल-सेंडर या ओळी शोधायच्या. नाहीतर 'आपली कविता साभार परत' हे सगळ्या संपादक मंडळाला जातं आणि कवी दसऱ्यापर्यंत वाट बघत बसतो.

नावावर जाऊ नका

फ्रॉमच्या ओळीत आधी नाव असतं, मग टोकदार कंसात पत्ता. नाव कुणीही काहीही लिहू शकतं. नावाच्या जागी दुसऱ्याचा पत्तासुद्धा लिहिता येतो, आणि मोबाइलवर तेवढाच दिसतो. उत्तर जाणार ते कंसातल्या पत्त्याला.

नाव देवनागरीत असेल तर अख्ख्या हेडरमध्ये ते ओळखू येत नाही. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह, आणि पुढे अक्षरांची खिचडी. हेडर मुळात साध्या रोमन अक्षरांसाठी असल्याने देवनागरी नाव असं गुंडाळून पाठवतात. या खिचडीची एक गंमत आहे. या पद्धतीने गुंडाळलेलं देवनागरी नाव जवळजवळ नेहमी चार, के, एस या तीन खुणांनी सुरू होतं, मग ते अनंत असो की वैशाली. हेडरमध्ये ४केएस दिसलं की समजायचं, पाठवणाऱ्याने नाव आपल्या लिपीत लिहिलंय. पत्ता या खिचडीच्या आत शोधू नका. ती जिथे संपते त्यानंतरच्या कंसात तो सरळ वाचता येतो.

डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायचं. रोमन आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात; लहान एल आणि एक हा आकडा एकमेकांची जागा घेतात. @ च्या पुढे 'एक्सएन--' ने सुरू होणारं काही दिसलं तर ते रोमनेतर लिपीतलं डोमेन आहे. आपलं डॉट भारतसुद्धा हेडरमध्ये 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं दिसू शकतं, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण नेहमी रोमनमधून येणारं ओळखीचं नाव अचानक असं आलं तर थांबा.

जाता जाता: जीमेलच्या साध्या खात्यांत @ च्या आधीचे पूर्णविराम मोजले जात नाहीत. एकाच लेखिकेचा पत्ता एकदा टिंबासकट आणि एकदा टिंबाशिवाय आला तर ती दोन माणसं नव्हेत. हा जीमेलचा खाक्या आहे. रेडिफमेल किंवा कंपनीच्या पत्त्यातलं टिंब आपल्या मनाने गाळू नका.

फॉरवर्ड झालेला मेल

माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो, म्हणून जरा सविस्तर.

फॉरवर्ड दोन तऱ्हेचं. एक आपोआप होणारं: संपादकांनी जुन्या पत्त्यावर सेटिंग करून ठेवलंय आणि तिथे येणारं सगळं माझ्याकडे वळतं. यात फ्रॉम मूळ लेखकाचाच राहतो. रिप्लाय दाबला की उत्तर त्यालाच जातं. मेल कुठल्या वाटेने आला हे डिलिव्हर्ड-टू आणि एक्स-फॉरवर्डेड-टू या ओळींत कळतं.

दुसरं हाताने केलेलं. संपादक मेल वाचतात, 'बघ गं, बरी वाटतेय' असं वर लिहितात आणि पुढे पाठवतात. आता हा मेल संपादकांचा झाला. फ्रॉममध्ये तेच. लेखकाचा पत्ता उरला फक्त मजकुरात, 'फॉरवर्डेड मेसेज' या तुटक रेघेखाली. इथे रिप्लाय दाबलं की उत्तर संपादकांना जातं. लेखकाचा पत्ता मजकुरातून उचलून हाताने टूमध्ये घालावा लागतो. तोही उचलताना सांभाळून, कारण मजकुरातल्या त्या ओळीत फ्रॉम असतो, मूळ रिप्लाय-टू सहसा येत नाही. भाच्याने कष्ट घेऊन मामांचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये लावला असेल तर तो हाताने फॉरवर्ड करताना गळून पडतो.

उपाय सोपा आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला सांगा, 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करा. जीमेलमध्ये तीन टिंबांतच आहे. मग मूळ मेल डॉट ईएमएल नावाची फाइल होऊन हेडरसकट येतो आणि उघडून सगळं बघता येतं. आमच्या संपादकांना हे शिकवायला एक दिवाळी गेली, पण आता ते दुसऱ्यांना शिकवतात.

रीसेंट-फ्रॉम नावाची ओळही कधीतरी दिसेल. आलेला मेल जसाच्या तसा पुन्हा पाठवला की ती लागते. ती केवळ माहितीसाठी; उत्तराशी तिचा संबंध नाही असं मानकातच बजावलंय.

मामा आणि भाचा

आता जिथे हेडर हात टेकतं ती गोष्ट. भाचा स्वतःच्या फोनवरून मामांची कथा पाठवतो. फ्रॉम भाचा, रिप्लाय-टू नाही, सेंडर नाही. तांत्रिकदृष्ट्या उत्तर भाच्यालाच जाणार आणि त्यात चूक काही नाही. पण भाचा बंगळुरूला नोकरीला. तो मेल बघेल शनिवारी, मामांना सांगेल दिवाळीला.

अशा वेळी मी उत्तर भाच्याच्या पत्त्यावरच पाठवते, पण मायना मामांच्या नावाचा लिहिते आणि पहिल्याच ओळीत विचारते, 'पुढील पत्रव्यवहार याच पत्त्यावर करावा की आपला स्वतंत्र पत्ता आहे?' कथेच्या शेवटी पत्ता आणि फोन लिहायची आपल्याकडच्या जुन्या लेखकांची पद्धत आहे, देव त्यांचं भलं करो. तिथे ईमेल सापडला तर तो सीसीमध्ये घालते. मानधनासाठी बँकेचा तपशील मागायचा असेल तर आधी फोन. 'मामांचं खातं बंद आहे, माझ्या खात्यात टाका' असा मेल आला तरी मामांचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. भाचे भले असतात, पण हिशोब हिशोब असतो.

डीटीपी सेंटरवरून आलेल्या मेलचं याहून कठीण. तिथे एकाच पत्त्यावरून गावातल्या चार कवींच्या कविता येतात. रिप्लाय केलंत तर चारही उत्तरं एकाच धाग्यात गुंततात आणि सेंटरवाला मुलगा बिचारा पहिलंच छापून चौघांना दाखवतो. प्रत्येक कवीसाठी वेगळा नवा मेल, विषयात कवीचं नाव. एवढंच करता येतं.

रिप्लाय ऑल हे वेगळंच प्रकरण. काही लेखक एकच कथा टूमध्ये सात-आठ दिवाळी अंकांचे पत्ते घालून पाठवतात. अशा मेलला रिप्लाय ऑल केलं की तुमचा नकार साऱ्या महाराष्ट्रातल्या संपादकांनी वाचला म्हणून समजा. स्वीकार असेल तर त्याहून मजा. टू आणि सीसी वाचल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.

यंत्रांचे मेल

कुणी गूगल डॉक शेअर केलं तर मेल नोरिप्लाय असा पत्ता असलेल्या खात्यातून येतो, पण रिप्लाय-टूमध्ये शेअर करणाऱ्याचा पत्ता असतो. म्हणजे फ्रॉम बघून 'याला उत्तर देता येत नाही' म्हणायची घाई नको. उलट गिटहबसारख्या, प्रोग्रामर मंडळी एकत्र काम करतात अशा ठिकाणी रिप्लाय-टूमधला लांबलचक पत्ता यंत्राचा असतो आणि तुमचं उत्तर सगळ्यांना दिसेल अशा चर्चेत चिकटतं. खासगी काही लिहायचं असेल तर तिथे नको. ॲपलच्या 'हाइड माय ईमेल' सोयीतून खरा पत्ता लपवण्यासाठी बनवलेला पत्ता विचित्र दिसतो, म्हणून तो यंत्राचा समजू नका.

मेलर-डीमनकडून आलेला मेल म्हणजे परत आलेलं टपाल. त्याचा रिटर्न-पाथ रिकामा असतो, कंसात काहीच नाही. परतीच्या मेलला पुन्हा परतीचा मेल लागून फेरा सुरू होऊ नये म्हणून. त्याला उत्तर द्यायचं नसतं, वाचायचं असतं. आत फायनल-रेसिपियंट ही ओळ बघा, नेमका कुठला पत्ता फसला ते कळतं. शेजारचा आकडा ५.१.१ असेल तर असा पत्ताच नाही, म्हणजे आपण टायपताना घोळ घातला किंवा लेखकाने. ५.२.२ म्हणजे पेटी भरलीय. ज्येष्ठ लेखकांच्या बाबतीत दुसरंच जास्त. फोन करून 'नातवाला सांगून जुने मेल पुसून घ्या' म्हणायचं. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण; सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो.

पैशाचा मेल असेल तर

छपाईच्या धामधुमीत कागदवाल्याच्या नावाने मेल आला: आमचं बँक खातं बदललं आहे, उरलेली रक्कम नव्या खात्यात भरावी, कळवावे. नाव बरोबर, सहीखालचा पत्ता बरोबर, मराठीही बरी. फ्रॉममधला पत्ता मात्र कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचा, आणि रिप्लाय-टूमध्ये कागदवाल्याच्या डोमेनसारखं दिसणारं, एक अक्षर जास्तीचं डोमेन. बाणाची छोटी चौकट उघडल्यावर हे लगेच दिसलं. कागदवाल्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावला तर ते म्हणाले, 'ताई, आम्ही कुठे मेल पाठवतो, आमचा माणूस बिल घेऊन येतो की!'

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण भलेभले गोत्यात येतात. 'शो ओरिजिनल'मध्ये वर एसपीएफ, डीकिम, डीमार्क या पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या तपासण्यांपुढे 'पास' लिहिलेलं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. डीमार्कचा पास एवढंच सांगतो की फ्रॉममधलं डोमेन खरं आहे. रिप्लाय-टूमधला पत्ता कुणाचा, याची तो चौकशी करत नाही. चोराने स्वतःचं डोमेन घेऊन रीतसर मेल पाठवला तरी तिन्ही पास. आणि कागदवाल्याचीच पेटी कुणी फोडली असेल तर फ्रॉमसुद्धा खरा, सगळंच पास. अशा वेळी हेडरमध्ये कितीही खणलंत तरी हाती काही लागणार नाही.

म्हणून खातं, रक्कम, ओटीपी असलं काही मेलमध्ये असेल आणि फ्रॉम व रिप्लाय-टू यांची डोमेन जुळत नसतील, तर रिप्लाय दाबायचंच नाही. नवा मेल उघडून आपल्याकडे आधीपासून असलेल्या पत्त्यावर लिहायचं किंवा जुन्या नंबरवर फोन करायचा. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर. मेल पुसू नका, तक्रारीला अख्खं हेडर लागतं.

आपला पत्ता नीट लावा

दुसऱ्यांचे पत्ते शोधून दमलात की आपल्याकडे वळा. घरच्या कुणाच्या अकाउंटवरून तुमचं लेखन जात असेल, किंवा कार्यालयातल्या प्रत्येकाच्या मेलचं उत्तर एकाच पत्त्यावर यायला हवं असेल, तर रिप्लाय-टू लावून टाका. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट', तिथे 'सेंड मेल ॲज'समोर 'एडिट इन्फो', आणि आत 'स्पेसिफाय अ डिफरंट रिप्लाय-टू ॲड्रेस'. पत्ता घाला, सेव्ह करा. मात्र भाच्याच्या खात्यात हे केलंत तर त्याच्या ऑफिसच्या मेलची उत्तरंही मामांकडे येऊ लागतील, तेव्हा काम झालं की काढायला सांगा.

त्याच पानावर खाली आणखी एक निवड आहे: आलेल्या मेलला उत्तर देताना ज्या पत्त्यावर तो आला त्याच पत्त्यावरून द्यायचं, की नेहमी मुख्य पत्त्यावरून. 'सेंड मेल ॲज'मध्ये एकापेक्षा जास्त पत्ते असले तर पहिला पर्याय घ्या. नाहीतर लेखकाने अंकाच्या पत्त्यावर लिहिलेलं असतं आणि उत्तर तुमच्या खासगी पत्त्यावरून जातं. मग पुढची तीन वर्षं त्याच्या कविता तुमच्या घरच्या मेलवर येत राहतात.

सगळं लावून झालं की चाचणी घ्या, पण स्वतःच स्वतःला मेल पाठवून नको. फ्रॉम आणि आपला पत्ता एकच दिसला की काही मेल प्रोग्राम तो आपणच पाठवलेला समजतात आणि उत्तर टूमधल्या पत्त्यावर लावतात, त्यात रिप्लाय-टूची परीक्षा होत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेल पाठवा, त्याला रिप्लाय दाबायला सांगा, टूमध्ये काय उमटलं ते त्याच्या स्क्रीनवर बघा आणि ड्राफ्ट पुसून टाका.